तेरा जणांची एक गाडी करू नका

ताई, नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरचे तेरा जण क्रूझला चाललोय. कॅरिबियनमधल्या सान हुआनहून निघायचं, सात रात्री, रोज वेगळं बेट. रावेरहून सासू-सासरे आलेत, डोंबिवलीहून माझे आई-बाबा. डॅलसहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, शिकागोहून नणंद, आणि आम्ही चौघं. बाकीच्या बेटांवर ज्याने त्याने भटकायचं, पण सेंट लुसियाला सगळ्यांनी मिळून फिरायचं असं ठरलंय आणि आखणी माझ्या गळ्यात पडली आहे. जहाज सकाळी आठला लागतं, साडेचारच्या आत परत चढायचं.

नवऱ्याला तिथला ग्रो पिटॉन नावाचा डोंगर चढायचाय. जावेला नुसतं समुद्रावर पडायचंय. चारही मुलांना झिपलाइन. नणंदेला त्या गंधकाच्या चिखलात बसून फोटो काढायचेत. बाबांना गरम पाण्याचे झरेही बघायचेत आणि रोहित शर्मा खेळला ते स्टेडियमही. आईला बाजार. दीर म्हणतात जहाजाची टूर म्हणजे लूट, धक्क्यावर टॅक्सी करू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात, 'मी जहाजावरच बसते, तुम्ही जाऊन या.' गेल्या वर्षी नायगाऱ्याला जेवायला दुपारचे चार वाजले होते, ते अजून मला ऐकवलं जातं. या वेळी सगळ्यांना एकत्र ठेवून दिवस कसा बसवू?

– एक सून, एडिसन, न्यू जर्सी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि माणसं मोजली. प्रवासाला तेरा, इच्छा मात्र अकराच जणांच्या. उरलेल्या दोघांकडे मी येतेच. आधी घड्याळ बघू.

जहाज आठला लागतं म्हणजे तुम्ही आठला उतरता असं नाही. बेटावरचे अधिकारी कागदपत्रं बघून मोकळीक देईपर्यंत आणि लिफ्टसमोरची गर्दी सरेपर्यंत साडेआठ होतातच. तेरा जण म्हटल्यावर पावणेनऊ धरा, कारण खाली आल्यावर कोणाला तरी टोपी आठवते. शेवटची हाक साडेचारची. मी वीस वर्षं लोकांना सहलींवर नेलं, त्यात माझा एक नियम होता: हाकेच्या तासभर आधी धक्क्यावर. म्हणजे साडेतीन. राहिले पावणेसात तास. तुमची यादी त्यात बसत नाही. तुमचं नियोजन कच्चं आहे म्हणून नव्हे, ती कोणाच्याच हातून बसणार नाही.

हा तासाचा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही. कोझुमेल, मेक्सिकोचं बेट, जून महिना, जहाज मायामीचं, माझ्याबरोबर बावीस जण. जहाजाने घड्याळ मायामीचंच ठेवलं होतं आणि उन्हाळ्यात मायामी कोझुमेलच्या एक तास पुढे असते. आमचे फोन मात्र किनाऱ्याला लागताच शहाणे झाले आणि त्यांनी आपणहून बेटाची वेळ धरली. माझं मनगटी घड्याळ केबिनमध्ये. एका दुकानात काकामंडळी चांदीच्या साखळ्या तोलून बघत होती. मी फोन पाहिला, तीन वाजले होते. चारची हाक, म्हटलं बघू देत निवांत. जहाजावर तेव्हा चार वाजून गेले होते. मागून आलेल्या एका अमेरिकन बाईने मला हे सांगितलं, धावता धावता. मग आम्हीही धावलो. साडी, बर्म्युडा, कंबरपट्टा, हातात चपला. वरच्या डेकवर माणसं कठड्याला टेकून टाळ्या आणि शिट्ट्या वाजवत होती. धक्क्यावरून धावणारी माणसं बघणं हा क्रूझवरचा फुकटचा तमाशा असतो हे मला तेव्हा कळलं. आम्ही पोचलो. कोणी रागावलं नाही. पण पुढचे चार दिवस जो तो येऊन मलाच हसत हसत विचारायचा, 'मॅडम, वाजले किती?'

तुमचं जहाज सान हुआनचं आहे. सान हुआन आणि सेंट लुसिया यांची वेळ बाराही महिने एकच, त्यामुळे हा घोटाळा तुमच्या वाट्याला येऊ नये. तरी उतरताना दाराशी लावलेली वेळ बघा आणि एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असू द्या.

आता बेट. सेंट लुसिया क्षेत्रफळाने साधारण मुंबईएवढं, सहाशे चौरस किलोमीटरच्या थोडं वर. नकाशात सगळं हाताशी वाटतं. पण मुंबईसुद्धा नकाशात हाताशीच असते. जहाज लागतं वायव्येला, कॅस्ट्रीजला. ज्या गोष्टींचे फोटो तुमच्या ग्रुपवर फिरत असतील, म्हणजे समुद्रातून उठलेले दोन सुळके (तेच पिटॉन), गंधकाचे झरे, रंगीत धबधबा, त्या सगळ्या नैर्ऋत्येला सूफ्रिएर गावाच्या आसपास. मध्ये डोंगर आणि वळणावळणाचा रस्ता. सव्वा ते दीड तास जायला, तेवढाच यायला. पावणेसातातले तीन तास इथेच गेले. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी डॉक्टरला विचारून आणि गाडीत बसायच्या आधी घ्यायची, पहिल्या वळणानंतर नव्हे.

म्हणून ग्रो पिटॉन रद्द. नवऱ्याला आकडे दाखवा. ७९८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी, असं ते लगेच म्हणतील. उंची कमी असली तरी चढ उभा आहे, गाइड घ्यावा लागतो आणि चढून उतरायला चार तास सहज लागतात. रस्त्याचे तीन आणि हे चार मिळवले की सात होतात, आणि तुमच्या हातात आहेत पावणेसात. त्याऐवजी टेट पॉल नावाची छोटी पायवाट आहे. पाऊण तासाचा फेरा, थोड्या पायऱ्या, आणि वरून दोन्ही पिटॉन एकदम समोर. युनेस्कोने २००४ साली जागतिक वारशात घेतलेली जागा बघायला तिच्या डोक्यावर चढायलाच हवं असं नाही. उलट वर चढलात तर पायाखालचा पिटॉन तेवढा दिसायचा नाही.

मुख्य मुद्दा असा की तुमच्या पत्रातला 'सगळ्यांनी मिळून' हा शब्द दिवस खाणार आहे. एकत्र कुटुंबात पंगत एक असते, ताट एक नसतं. दोन गाड्या करा. एक दक्षिणेला, एक उत्तरेला. साडेतीनला धक्क्यावर भेट आणि रात्रीचं जेवण एका टेबलावर. तुमच्या सासर-माहेरच्या मंडळींना तेव्हा एकमेकांना सांगायला तरी काही असेल. दिवसभर एकाच गाडीत बसलेल्या तेरा जणांकडे रात्री सांगण्यासारखं एकच उरतं, कोणामुळे उशीर झाला ते. नायगाऱ्याचा अनुभव तुम्हाला आहेच.

उत्तरेची गाडी सोपी. जाऊ, दीर, चार मुलं आणि तुमची आई. आधी कॅस्ट्रीजचा बाजार, धक्क्यापासून अगदी जवळ. जायफळ, जायपत्री, दालचिनी, कोकोच्या कांड्या, आणि केळ्याचा सॉस, जो केचपसारखा बाटलीत मिळतो. आईला तासभर द्या, तासाने उठवा. ताजी फळं आणि कंदमुळं मात्र घेऊ देऊ नका, ती परत अमेरिकेत उतरताना काढून घेतात. बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक चौक आहे, त्याचं नाव पूर्वी कोलंबस चौक होतं. १९९२ साली इथल्या डेरेक वॉलकॉटना साहित्याचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी लोकांनी कोलंबसला उठवून आपल्या कवीचं नाव चौकाला दिलं. त्याआधी १९७९ मध्ये इथल्याच आर्थर लुइस यांना अर्थशास्त्राचं मिळालेलं. दोन लाखांच्या आतली वस्ती आणि दोन नोबेल. मुलांना सांगून बघा, ऐकतील असं नाही.

मग समुद्र. धक्क्याच्या जवळचा हवा असेल तर विमानतळाला लागून व्हीजीचा किनारा आहे, छोटी विमानं डोक्यावरून उतरतात, लहान मुलं पाण्यापेक्षा तिकडेच बघत बसतात. मोठा, खुर्च्या-छत्र्यांचा किनारा हवा तर वीस-पंचवीस मिनिटांवर रॉडनी बे. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरच्या वाळूवर बसायचे कोणी पैसे मागितले तर ते खुर्चीचे, वाळूचे नव्हेत. झिपलाइन उत्तरेकडच्या रानातही आहे. मुलं त्याशिवाय ऐकणारच नसतील तर तेवढीच जहाजाकडून घ्या, पण वयाची आणि वजनाची अट आधी वाचा. तिथे गेल्यावर धाकट्याला परत फिरवलं तर ते रडणं रात्रीपर्यंत पुरेल.

दोन गोष्टी या गाडीतल्या मोठ्यांना बजावून ठेवा. एक, लष्करी ठिपक्यांचे कपडे. हिरव्या-करड्या छापाची बर्म्युडा, टोपी, पोरांची सॅकसुद्धा. सेंट लुसियात सामान्य माणसाने तो छाप घालणं कायद्याने बंद आहे. बॅग भरतानाच बघा, कारण डॅलसच्या मुलांकडे तसलं काहीतरी निघतंच. दुसरं, वाळूवरचं एक झाड, मँचिनील. त्याला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं लागतात आणि गोड वास येतो. ते फळ विषारी आहे. चीक अंगावर फोड आणतो, आणि पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणारं पाणीही भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल रंगाची खूण केलेली असते, सगळीकडे नसते. सावली हवी तर नारळाखाली, तीही नारळ बघून.

आता दीर. जहाजाची टूर म्हणजे लूट, हे त्यांचं म्हणणं उत्तरेपुरतं खरं आहे. अर्ध्या तासाच्या अंतराला जहाजाचा दर देण्यात अर्थ नाही. तेव्हा उत्तरेच्या टॅक्सीचं काम त्यांच्याचकडे द्या. ज्याला भाव कळतो त्याने भाव करावा, आणि केल्यावर मग तो भाव चांगला होता असंही त्यानेच म्हणावं. टॅक्सीच्या नंबरपाटीवर टीएक्स अक्षरं असतात, ती बघायची. मीटर नसतो, बसण्याआधी ठरवायचं. आणि ठरवताना विचारायचं, कुठला डॉलर? तिथे दोन चालतात, अमेरिकन आणि पूर्व कॅरिबियन. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून हललेला नाही. 'हंड्रेड डॉलर्स' एवढंच ऐकून बसलात तर उतरताना दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि तरी भांडण होतं. दर माणशी की गाडीचा, एकेरी की परतीचा, थांबून राहणार का, हेही.

दक्षिणेचं गणित वेगळं. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः केलेल्या गाडीला झाला तर थांबत नाही, पुढच्या बेटावर स्वखर्चाने जाऊन गाठायचं. म्हणून तासाभराहून लांब जायचं असेल तर जहाजाचीच टूर, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुमच्या बाबतीत मात्र मी माझा नियम मोडायला सांगणार आहे, कारण मोठी बस सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी थांबत नाही, आणि आणखी एका कारणासाठी थांबत नाही, ते पुढे येतं. आधी ठरवून, लेखी दर घेऊन एक व्हॅन करा. अट एकच: सूफ्रिएरहून दुपारी एकला निघायचं. एक म्हणजे एक. रस्ता मोकळा असला तर अडीचला कॅस्ट्रीज, दरड आली किंवा ट्रक अडकला तरी हातात वेळ आहे. ड्रायव्हरला सकाळीच सांगा आणि सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे एकला उठवणारा तो असेल, तुम्ही नव्हे.

सासू-सासरे आणि आई-बाबा भारतीय पासपोर्टवर आहेत, म्हणून आणखी एक. सान हुआन कॅरिबियनमध्ये असलं तरी अमेरिकेचंच आहे, तेव्हा परत येताना ते नव्याने अमेरिकेत शिरणार. व्हिसा अनेकदा प्रवेशाचाच हवा, आणि वाटेतल्या प्रत्येक बेटाचा त्यांच्यासाठीचा नियम क्रूझ कंपनीकडून आत्ताच लेखी मागवा. धक्क्यावर कळलेला नियम कोणाच्याच कामाचा नसतो.

सासूबाईंचं बघू. 'मी जहाजावरच बसते' हे वाक्य मी शेकड्याने ऐकलंय. दहातल्या दोघींना खरंच बसायचं असतं, गार हवेत, चहा घेऊन, कोणी न उठवता. उरलेल्या आठजणींना म्हणायचं असतं की माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको. तुमच्या सासूबाई कुठल्या, हे सगळ्यांसमोर विचारून कळणार नाही. एकट्या असताना विचारा, आणि 'येता का?' असं नको. 'पुढच्या सीटवर बसाल की मागे?' असं विचारा. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. ड्रायव्हरशेजारची सीट पाय पसरायला बरी, आणि गाडीही कमी लागते. सूफ्रिएरला डायमंड नावाची बाग आहे, वाटा बऱ्याचशा सपाट, शेवटी धबधबा. त्यातल्या खनिजांनी मागचा कातळ पिवळा-हिरवा-तांबूस झालाय. धबधब्याखाली आंघोळ करता येत नाही, ते एका अर्थी बरंच, कोणाची वाट बघावी लागत नाही.

तुमच्या बाबांना झरे की स्टेडियम, एकच निवडायला सांगा. स्टेडियम उत्तरेला ग्रोस आयलेटला आहे, झऱ्यांच्या बरोबर उलट दिशेला. २४ जून २०२४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२, ते हेच मैदान. बोरिवलीच्या पोराचं नाव निघालं की डोंबिवलीकरांचा पाय तिकडेच वळणार, हे मला कळतं. पण सामना नसताना बाहेरून फाटक बघायचं आहे, हेही त्यांना सांगा. झरे निवडले तर वज्रेश्वरीची आठवण होईल, फक्त वास कितीतरी पट जास्त. सडक्या अंड्याचा. इथे ज्वालामुखीच्या विवरापर्यंत गाडी जाते, कुंडांतून करडं पाणी खदखदत असतं आणि वाफ निघते. शेवटचा छोटा स्फोट १७६६ साली झाला होता, तेव्हा काळजी नको. बघायच्या जागेपासून खाली काळ्या पाण्याच्या टाक्या आहेत. आधी पाण्यात बसायचं, मग अंगाला चिखल फासायचा, वाळवायचा, परत धुवायचा. नणंदेला सांगा, फिकट रंगाचे पोहण्याचे कपडे न्यायचे नाहीत, ते परत फिकट होत नाहीत. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी पाय बुडवून समाधान मानावं.

आणि चांदी काढून ठेवा. माझ्याबरोबर एकदा अकोल्याच्या एक काकू होत्या, पाण्यात गेल्याही नव्हत्या, काठावर पंधरा मिनिटं उभ्या होत्या. गाडीत बसल्यावर पायाकडे बघून किंचाळल्या. जोडवी कोळशासारखी काळी. त्यांना वाटलं काहीतरी अशुभ झालं, अकोल्याला फोन लावायला निघाल्या. गंधकाची वाफ चांदीला लागली की हे होतंच. रात्री केबिनमध्ये टूथपेस्ट लावून घासली, लखलखली. तुमच्या सासूबाईंची जोडवी, पैंजण, कोणाचा चांदीचा करदोटा असेल तो, सगळं जहाजाच्या तिजोरीत.

जेवणाचं थोडक्यात. नायगारा पुन्हा नको असेल तर दोन्ही गाड्यांत सकाळीच न्याहारी भरपेट करून निघा आणि पिशवीत बंद पाकिटातलं काहीतरी ठेवा. १८५९ पासून इथे भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर करारावर आणले गेले. त्यांची भाषा गेली, रोटी राहिली. दुकानावर रोटी लिहिलेलं दिसेल, पण आत बहुधा कोंबडी असते, विचारून घ्या. शाकाहारी हवं तर 'आयटल' हा शब्द शोधा, रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण, मांस नसतं, मीठही अनेकदा नसतं. लोणच्याची पुडी न्या. 'ग्रीन फिग' वाचून अंजीर समजू नका, ती कच्ची केळी आहेत, खारवलेल्या माशाबरोबर उकडून खातात, तोच त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. आणि भाजलेला नीरफणस मिळाला तर खाच. कोकणात काप खाल्ले असतील तर चव ओळखीची वाटेल.

केळीवरून आठवलं म्हणण्यापेक्षा, मी तुमचं पत्र वाचल्यापासून त्याच गोष्टीची वाट बघत होते.

तुमचे सासरे रावेरचे. पत्रात त्यांचं नाव पहिल्या ओळींत एकदा येतं आणि मग कुठेच नाही. त्यांना काय हवं? बहुधा 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले असतील. रावेरचा माणूस, म्हणजे स्वतःची नसली तरी भावाची, शेजाऱ्याची केळीबाग बघत आयुष्य गेलेलं असणार. कॅस्ट्रीजहून सूफ्रिएरला जाताना वाटेत रोझोचं खोरं लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी. घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, तुमच्याकडे निर्यातीच्या बागांत घालतात तशाच. मोठी बस तिथून न थांबता जाते. व्हॅन थांबवता येते. हेच ते दुसरं कारण.

त्यांना नुसतं दाखवू नका, थोडं सांगूनही ठेवा. या बेटाने ऊस सोडला आणि १९५० नंतर केळी धरली. डोंगरउतारावरच्या दोन-चार एकरांतून घड उतरायचे आणि बोटीने ब्रिटनला जायचे. घराघरात त्याचे पैसे खेळायचे, लोक केळीला हिरवं सोनं म्हणायचे. ब्रिटनची आणि मग युरोपची बाजारपेठ त्यांच्यासाठी राखलेली होती. नव्वदच्या दशकात अमेरिका आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, सवलती एकेक करून गेल्या, आणि हा तंटा कागदावर मिटला तो २०१२ मध्ये. तोवर लहान शेतकऱ्याने बाग सोडलेली होती. २०१० च्या ऑक्टोबरात आलेल्या वादळाने उभ्या बागा आडव्या केल्या, करपा या पानांच्या रोगानेही सोडलं नाही. तुमचा ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचा असला तर विचारा, त्याच्या घरात कोणी ना कोणी केळीत होतं असं बहुधा निघेल. मग मध्ये दुभाषी म्हणून उभ्या राहा. निसवण कधी होते, म्हणजे घड कधी बाहेर पडतो, पिलबाग, म्हणजे पिलांवरची पुढची बाग, ठेवता का, एका घडाला किती फण्या, किलोला काय मिळतं. ज्या माणसाने दोन महिने एडिसनच्या सोफ्यावर 'तुम्ही म्हणाल तसं' केलंय, तो इथे प्रश्न विचारेल. वीस मिनिटं द्या. टेट पॉलमधून कापावी लागली तरी द्या.

बाग खाजगी असेल तर आत शिरण्याआधी विचारायचं. रावेरलाही विचारावंच लागतं.

दुसरं माणूस तुम्ही. तुमच्या अख्ख्या पत्रात तुमची एकही इच्छा नाही. तुम्हाला कुठल्या गाडीत बसायचंय? हे इतर बाराजणांना विचारायच्या आधी ठरवा आणि त्यांना कळवून टाका, कारण आखणी करणारी सून शेवटी जिथे जागा उरेल तिथे बसते, बहुतेक मागच्या सीटच्या मधोमध. ठरवताना मुलांचा विचार करू नका. ती उत्तरेच्या गाडीत काका-काकूंकडे आहेत, चुलत भावंडांबरोबर. त्यांना तुमची आठवण जेवायच्या वेळी येईल.

पैसे घरटी आधीच गोळा करा. सुट्या नोटा, दोन पाकिटं. उत्तरेचं दिरांकडे, दक्षिणेचं नणंदेकडे. उरलं तर ड्रायव्हरची बक्षिसी आणि आइस्क्रीम, परत वाटायचे नाहीत. आणि ग्रुपवर आत्ताच टाका, चर्चा म्हणून नव्हे, कळवलं म्हणून:

'मंडळी, सेंट लुसियाला दोन गाड्या. दक्षिण: झरे, बाग, पिटॉन, रोझोची केळी. उत्तर: बाजार आणि समुद्र. आपापलं नाव रविवारपर्यंत लिहा, न लिहिणारा उत्तरेला. दोन्ही गाड्या पावणेनऊला सुटतील, टोपी सोबत. लष्करी छापाचे कपडे आणि चांदी नको. साडेतीनला जहाजासमोर. मी दक्षिणेला पुढून दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी.'

शेवटची ओळ तुम्ही हवी तशी बदला, पण ठेवा.

यावर कोणीतरी, माझा अंदाज जाऊबाई, लिहील की मग सगळ्यांचा एकत्र फोटो कधी? साडेतीनला, धक्क्यावर, जहाज पाठीमागे घेऊन. नणंदेच्या कानामागे चिखल असेल, मुलांच्या केसांत वाळू. सासूबाईंना खुर्ची लागेल, ती धक्क्यावरच्या दुकानदाराकडे मागा, देतात. फोटो मात्र वाटेवरच्या कोणा अनोळखी माणसाकडून काढून घ्या. नाहीतर तेराव्या तुम्ही पुन्हा कॅमेऱ्यामागे.

– तुमची ताई

(ता. क. रोझोला किलोला काय भाव मिळतो, ते सासऱ्यांना विचारून मला कळवा.)